सध्या काय वाचतोयस?

(तरुणांच्या वाचनगटात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला बोलावणाऱ्या मित्रानं फोनवर सांगितलं, "भाषण नको. सध्या काय वाचतोयस ते सांग आणि चार पुस्तकं सुचव. अर्धा तास." मी हो म्हणालो आणि नंतर दोन दिवस डोकं खाजवत बसलो. कारण या प्रश्नाला मी आयुष्यात बऱ्याचदा खोटं उत्तर दिलंय.

पहिलं खोटं कॅम्पस इंटरव्ह्यूमध्ये. समोरच्या बाईंनी विचारलं, सध्या कोणतं पुस्तक वाचताय? मी म्हणालो, 'विंग्ज ऑफ फायर'. आमच्या बॅचमधल्या निम्म्या पोरांनी तेच सांगितलं असणार. पुस्तक माझ्याकडं होतं, नाही असं नाही. पण बाविसाव्या पानात खुणेला एसटीचं तिकीट घातलेलं होतं आणि ते तिकीट सहा महिने तिथंच होतं. बाईंनी पुढं विचारलं, त्यातलं काय आवडलं? मी म्हणालो, "मेहनत." त्यांनी मान डोलावली. नोकरी लागली.

नंतर ऑफिसमध्येही तेच. कुणी विचारलं की आपण सांगतो ते पुस्तक, जे वाचत असलेलं बरं दिसतं. खरं वाचत असलेलं सांगायला लाज वाटते. म्हणून आज ठरवून आलोय की खरं सांगायचं. सध्या माझी दोन पुस्तकं चालू आहेत. एक मी झपाट्यानं वाचतोय आणि दुसरं पहिलीतल्या पोरासारखं, बोट ठेवून. दोन्हींबद्दल सांगतो, आणि मग सुचवायची ती सुचवतो.

पहिलं आहे बानू मुश्ताक यांचं 'हार्ट लॅम्प'. नाव तुम्ही ऐकलं असेल, 2025 चा आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार या पुस्तकाला मिळाला. बानू मुश्ताक कर्नाटकातल्या हासनच्या. वकील आहेत, कन्नडमध्ये लिहितात. पुस्तकात बारा कथा आहेत आणि त्यांचा इंग्रजी अनुवाद दीपा भास्ती यांनी केलाय. मला कन्नड येत नाही, म्हणून मी इंग्रजीतून वाचतोय. पण गंमत अशी की हे इंग्रजी वाचताना इंग्रजी वाटत नाही. अनुवादिकेनं कन्नड, उर्दू, अरबी शब्द तसेच ठेवलेत, तिरप्या अक्षरात नाहीत, खाली तळटीप नाही. ज्याला कळेल त्याला कळेल. आणि आपल्याला कळतं. आपल्याच घरातले शब्द आहेत ते. इंग्रजी पुस्तकात आपण एरवी पाहुण्यासारखे वावरतो, चप्पल कुठं काढायची तेही कळत नाही. इथं मी थेट स्वयंपाकघरात गेलो.

एक कथा आहे अरबी शिकवणाऱ्या मास्तरची, ज्याला गोबी मंचुरियनचं वेड लागलंय. (हसताय, पण वाचा. हसता हसता कथा कुठं नेते ते बघा.) एक आहे 'रेड लुंगी'. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरात पोरांचा धुडगूस, त्याला कंटाळलेली बाई ठरवते की सगळ्यांची सुंता एकदमच उरकून टाकू. श्रीमंतांच्या पोरांची वेगळी व्यवस्था, गरिबांच्या पोरांची वेगळी. पुढचं सांगत नाही.

मला जी कथा सोडत नाहीये ती कफनाची. शाझिया नावाची सुखवस्तू बाई हजला निघालीय. यासीन बुआ नावाची एक गरीब म्हातारी साठवलेले पैसे तिच्या हातात देते आणि म्हणते, माझ्यासाठी झमझमच्या पाण्यात भिजवलेलं कफन आण. शाझिया जाते, तिथली खरेदी करते, परत येते. कफन राहून जातं. मुद्दाम नाही. विसरतेच. आणि मग एक दिवस बुआ मरते आणि तिचा मुलगा शाझियाच्या दारात येऊन उभा राहतो, कफन न्यायला.

आमच्या घरातून कुणी हजला निघालं की अख्खी गल्ली यादी देते. खजूर, तसबीह, अत्तर, झमझमची बाटली. यादीतलं एखादं राहतंच. परत आल्यावर "अरे, राहिलं बघ" म्हणून आपण मोकळे होतो. ही कथा मी रात्री साडेअकराला वाचली आणि पुस्तक उपडं ठेवलं. बायकोनं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, काही नाही. पण मला भिंग आठवलं होतं.

भिंगाचं सांगतो, कारण दुसरं पुस्तक तिथूनच येतं.

आमचं गाव माणदेशात, दहिवडीच्या पुढं. अब्बा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. अम्मीचं माहेर मात्र सोलापूर. नाना तिथं गिरणीत होते. घरात त्यांची एक पत्र्याची ट्रंक होती. कडीला कुलूप नव्हतं, पण तिला कुणी हात लावायचं नाही असा अलिखित नियम होता. ट्रंकेत लहान आकाराची, स्वस्त कागदाची, पिवळी पडलेली उर्दू पुस्तकं होती. नाना रात्री जेवण झालं की खाटेवर बसून त्यातलं एक काढायचे, आणि मध्येच एकटेच हसायचे. सुट्टीत गेलं की आम्ही पोरं त्यांच्या हसण्याची नक्कल करायचो. काय वाचताय, असं आमच्यातल्या एकानंही कधी विचारलं नाही. मीही नाही.

मी अकरावीला होतो तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत नाना मला म्हणाले, "सातारे से एक भिंग ला रे. अक्षर बारीक हो गये." अक्षरं कशी बारीक होतील, अशी थट्टाही मी केली. शंभराची नोट त्यांनी दिली. ती मी साताऱ्यात खर्च केली, भिंगावर नाही. जानेवारीत आठवलं, मग परीक्षा आली, मग बारावीचे क्लास. पुढच्या पावसाळ्यात नाना गेले.

चाळिसाव्यानंतर मामांनी घर आवरायला काढलं. ट्रंक मध्ये येत होती. मामांना उर्दू यायचं नाही, ते मराठी शाळेत शिकलेले. मामेभावाला यायचं नाही. मला यायचं नाही. मामा म्हणाले, ट्रंक ठेवू, आतलं द्या रद्दीत. मी आणि मामेभाऊ दोन पोती भरून सायकलवर घालून गेलो. अडतीस किलो भरलं. पाच रुपये किलोनं एकशे नव्वद रुपये आले. मामा म्हणाले, तुझ्या अभ्यासाला ठेव. त्या पैशात मी सीईटीचं फिजिक्सचं जुनं गाईड घेतलं. त्या गाईडचा उपयोगही झाला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. नसता झाला तर गोष्ट जरा सोपी झाली असती.

मग मध्ये पंधरा-सोळा वर्षं गेली. इंजिनिअरिंग, पुणे, नोकरी, हिंजवडीचा ट्रॅफिक. एकदा विमानतळावरच्या दुकानात 'द हाऊस ऑफ फियर' असं एक पुस्तक दिसलं. इब्ने सफी नावाच्या उर्दू लेखकाच्या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद, बिलाल तन्वीर यांनी केलेला. रहस्यकथा होती, प्रवास लांबचा होता, घेतलं. गावी गेलो तेव्हा बॅगेतून बाहेर पडलं. अम्मीनं उचललं, उलटसुलट पाहिलं. तिला इंग्रजी येत नाही. म्हणाली, "कायका है रे?" मी म्हणालो, एक डिटेक्टिव्ह आहे, इमरान नावाचा. ती म्हणाली, "अय्या. खौफनाक इमारत?"

आणि मग तिनं मला ती कादंबरी सांगायला सुरुवात केली. ते बंद पडलेलं घर, तिथं सापडणारी प्रेतं, इमरानचा खुळेपणा, तो खुळेपणा खोटा कसा असतो. चपात्या लाटत लाटत. मी विचारलं, तुला कसं माहीत? म्हणाली, "अब्बा की ट्रंक में थी ना." नाना गिरणीत गेले की ही पोरगी ट्रंक उघडायची. सातवीपर्यंत उर्दू शाळेत गेली होती. दुपारच्या पाळीत सगळी ट्रंक तिनं वाचून काढली होती, काही काही दोनदा.

मी म्हणालो, मग आम्ही रद्दीत घातली तेव्हा बोलली का नाहीस? ती तेव्हा घरातच होती, मागच्या अंगणात भांडी घासत होती. म्हणाली, "मेरे को लगा तुमको काम की नहीं."

माझ्याकडं याच्यावर बोलायला तेव्हाही काही नव्हतं आणि आत्ताही नाही. पण त्या दिवाळीपासून मी उर्दू वाचायला शिकतोय, आणि माझं दुसरं चालू पुस्तक आहे 'खौफनाक इमारत'. मुळातून.

इब्ने सफी कोण, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खरं नाव असरार अहमद. जन्म 1928, अलाहाबाद जिल्ह्यातलं नारा गाव. वडिलांचं नाव सफीउल्लाह, म्हणून इब्ने सफी, म्हणजे सफीचा मुलगा. आधी कविता आणि विनोदी लेखन करायचे. 1952 साली अलाहाबादहून 'जासूसी दुनिया' ही मालिका सुरू झाली. कर्नल फरीदी आणि त्याचा चावट सहकारी कॅप्टन हमीद. त्याच वर्षी ते पाकिस्तानात गेले, पण पुस्तकं दोन्ही देशांत निघत राहिली. 1955 साली इमरान आला. विलायतेहून शिकून आलेला, वागायला अगदी बावळट, आणि प्रत्यक्षात गुप्तहेर खात्याचा प्रमुख, एक्स-टू. त्याच्या हाताखालच्या माणसांनाही ठाऊक नसतं की आपण ज्याला हसतोय तोच आपला साहेब आहे. दोन्ही मालिका मिळून दोनशेच्या वर कादंबऱ्या. 1980 साली कराचीत गेले. शम्सुर रहमान फारूकींसारख्या मोठ्या समीक्षकानं त्यांच्या चार कादंबऱ्या इंग्रजीत नेल्या, तेव्हा कुठं आपल्यासारख्या शिकल्यासवरल्यांना वाटलं की यात काहीतरी असावं. नानांना आधीच माहीत होतं.

अब्बांना हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "त्यात काय? आम्ही पण वाचायचो. बाबूराव अर्नाळकर." झुंजार, काळापहाड. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. अब्बा त्या भाड्यानं आणायचे आणि गणिताच्या वहीत घालून वाचायचे. म्हणजे सोलापुरात सासरा आणि माणात जावई, दोघंही आपापल्या भाषेत तोच धंदा करत होते. लग्नानंतर तीस वर्षं एकमेकांशी बोलताना दोघांनी फक्त पाऊस आणि ज्वारीचा भाव हे दोनच विषय काढले.

आता उर्दू शिकण्याबद्दल, कारण इथं बऱ्याच जणांची माझ्यासारखीच गत असेल. आपण लहानपणी सिपारा वाचायला शिकलेलो असतो. त्यामुळं वाटतं की लिपी येते, उर्दू काय, आठवड्यात वाचू. मलाही तसंच वाटलं आणि पहिल्याच ओळीत तोंडघशी पडलो. सिपाऱ्यात प्रत्येक अक्षरावर जबर, जेर, पेश छापलेलं असतं. उर्दूच्या छापील पुस्तकात ते जवळपास नसतंच. 'किताब' लिहायचं तर काफ, ते, अलिफ, बे एवढंच लिहितात. पहिली वेलांटी तुम्ही मनानं घालायची. म्हणजे शब्द आधी माहीत असेल तरच तो वाचता येतो! शिवाय पे, टे, चे, गाफ ही अरबीत नसलेली अक्षरं. शिवाय अक्षर शब्दाच्या सुरुवातीला आलं, मध्ये आलं की शेवटी, त्यावर त्याचं रूप बदलतं. मी व्यवसायानं प्रोग्रॅमर आहे, मला नियम आवडतात. मी पहिल्या आठवड्यात सगळ्या रूपांचा तक्ता एक्सेलमध्ये केला, रंग भरले. अम्मीला दाखवला. ती म्हणाली, "अच्छा है. अब पढ."

मदत मात्र एका गोष्टीची होते, आणि ती मोठी आहे. शब्द आपल्याला माहीत असतात. घरात दखनी ऐकत वाढलेल्या पोराला उर्दू कादंबरीतले बरेच शब्द कानानं ओळखीचे असतात, फक्त डोळ्यांनी नसतात. वेलांटी कुठं घालायची ते कान सांगतो. मी रोज रात्री व्हिडिओ कॉलवर अम्मीला अर्धं पान वाचून दाखवतो. चुकलं की ती "हं?" म्हणते. एवढंच. बरोबर काय ते सांगत नाही. पुन्हा वाच. ऑफिसात माझा कोड तपासणाऱ्यांत एवढी कडक कुणी नाही. ज्यांना सुरुवात करायचीय त्यांनी 'रेख्ता'च्या संकेतस्थळावर जा. तिथं शायरी देवनागरीत आणि उर्दूत दोन्हींत बघता येते, आणि जुनी उर्दू पुस्तकं स्कॅन करून ठेवलेली आहेत. पण घरात कुणी उर्दू वाचणारं म्हातारं माणूस असेल तर आधी त्याच्याकडं जा.

हे झालं चालू असलेलं. आता शिफारशी. जी पुस्तकं मला सोडवली नाहीत तीच सांगतो. ज्ञान वाढेल म्हणून यातलं एकही सांगत नाहीये.

व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' आणि 'बनगरवाडी'. हे सांगताना मी थोडा पक्षपाती आहे, माझ्या मुलखाची पुस्तकं आहेत. शाळेत एक-दोन धडे आले होते, तेव्हा प्रश्नोत्तरं पाठ केली आणि विसरलो. पुण्यात आल्यावर, गावाची आठवण यायला लागल्यावर, पुन्हा घेतली. 'माणदेशी माणसं' हे व्यक्तिचित्रांचं पुस्तक, 1949 सालचं. अनुक्रमणिका उघडली आणि बघतच राहिलो. 'मुलाण्याचा बकस'. 'तांबोळ्याची खाला'. अरे, ही तर आमच्या आळीतली नावं. मराठीच्या पुस्तकात, छापून, धर्मा रामोशी आणि शिवा माळ्याच्या शेजारी. कुणी मुद्दाम आणून बसवलेली नाहीत. गावात होती म्हणून पुस्तकात आहेत.

'बनगरवाडी' 1955 ची. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरसवदा मास्तर येतो, बंद शाळा सुरू करतो, लोकांना घेऊन तालीम बांधतो. त्या मास्तरच्या मदतीला सतत असतो आयबू. तुम्ही बोलून बघा हे नाव. अयूबचं आयबू कसं होतं ते ज्याच्या गल्लीत एखादा आयबू आहे त्याला सांगावं लागत नाही. पुस्तकाच्या शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी मोकळी होत जाते. माणसं मेंढरं घेऊन जगायला बाहेर पडतात. आमच्या भागात 'जगायला गेलाय' हा शब्दप्रयोग आजही आहे, आणि मी पुण्याला नोकरीला लागलो तेव्हा शेजारच्या काकूंनी माझ्याबद्दल तोच वापरला होता. पॅकेज ऐकूनही.

पुण्यात लोक मला अजून म्हणतात, "तुमचं मराठी छान आहे हो!" कौतुकानंच म्हणतात. पूर्वी मी आभार मानायचो. आता हसतो आणि विचारतो, तुम्ही 'बनगरवाडी' वाचलीय का? बरेचदा वाचलेली नसते. मग त्यावर छान गप्पा होतात.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. हे पुस्तक माझ्यापेक्षा अम्मीचं जास्त आहे. अम्मी लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी लिपी येत नव्हती. माझ्या आणि बहिणीच्या बालभारतीवरून ती शिकली, आम्हाला शिकवते असं दाखवत. पहिलं अख्खं मराठी पुस्तक तिनं वाचलं ते हे, आणि त्याला चार महिने लागले. लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा, शाळा नाही, लहानपणी लग्न. वडील सोवळ्याचे इतके कडक की बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. नवरा कवी, हाती आलेला पैसा टिकू न देणारा. 1895 साली त्यानं ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि या बाईचा संसार मधोमध फुटला. हे सगळं ती इतकं हसत, इतकं बोलल्यासारखं सांगते की वाचताना रडायचं राहून जातं आणि नंतर कधीतरी भांडी घासताना रडू येतं. हे शेवटचं वाक्य अम्मीचं आहे, माझं नाही. मी तिला विचारलं होतं, ब्राह्मणाच्या घरातली, मग ख्रिस्ती झालेली बाई, तुला त्यात काय सापडलं? ती म्हणाली, "नवऱ्याला काय झालंय ते बायकोला सगळ्यात शेवटी कळतं, हे काय एकाच जातीत असतं का?"

हमीद दलवाईंची 'इंधन', 1965. दलवाई म्हटलं की आपल्याकडं लगेच दोन बाजू पडतात आणि वाद सुरू होतो. मी त्या वादातलं बरंच ऐकून होतो, पण माणसाची एकही कथा वाचलेली नव्हती. दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. भाषणं आणि चळवळीच्या आधी ते कथाकार होते, हे मला तिशी आली तरी माहीत नव्हतं. 'इंधन'चा निवेदक बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परत येतो, आणि गावात वरवर शांत दिसणारं सगळं हळूहळू पेटत जातं. हिंदू-मुसलमान, जमीनदार आणि कुळं, घरातल्या घरात दीर-भावजया. कुणीच धुतल्या तांदळाचं नाही, निवेदकही नाही. दिलीप चित्र्यांनी 'फ्युएल' या नावानं तिचा इंग्रजी अनुवाद केला. मला ती आवडली असं म्हणवत नाही. अस्वस्थ झालो, आणि दोन दिवसांनी पुन्हा वाचली. दलवाईंच्या मतांशी सहमत असा किंवा नसा, कादंबरी वाचून मग भांडा. 'लाट' हा त्यांचा कथासंग्रहही मिळाला तर घ्या.

आमच्या क्षेत्रातल्या मुलामुलींसाठी एकच पुस्तक, फ्रेड ब्रूक्स यांचं 'द मिथिकल मॅन-मंथ', 1975 चं. ब्रूक्स यांनी आयबीएमच्या ओएस/360 या अवाढव्य सॉफ्टवेअरचं काम सांभाळलं होतं आणि त्यात काय काय चुकलं ते त्यांनी लिहिलं. उशीर झालेल्या प्रकल्पात आणखी माणसं घातली की उशीर वाढतो, हा त्यांचा सिद्धांत. नवीन माणसाला शिकवण्यात जुन्याचा वेळ जातो आणि आपसात बोलायच्या जोड्या वाढत जातात. मी हे वाचलं त्याच महिन्यात आमच्या प्रकल्पात शेवटच्या तीन आठवड्यांसाठी सहा नवीन माणसं आली. पुढं काय झालं ते पुस्तकात लिहिलेलं आहे.

'कोसला'बद्दलही बोलतो. मी ती दोनदा अर्ध्यात सोडली. लोक म्हणायचे, मराठी वाचतोस आणि 'कोसला' नाही? तिसऱ्यांदा, लग्नाआधीच्या एका एकट्या पावसाळ्यात, ती एका दमात संपली. गावाकडून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर तोच होता, मी बदललो होतो. त्यामुळं आज सांगितलेलं एखादं पुस्तक नाही झेपलं तर खुशाल बाजूला ठेवा. आणि कुणी यशस्वी होण्याचं पुस्तक भेट देऊन सोबत एखाद्या साखळी योजनेचं कार्ड दिलं, तर पुस्तक आणि कार्ड दोन्ही परत करा. माझ्याकडं अशी तीन आहेत.

पुस्तकं विकत घ्यायलाच हवीत असं नाही. तालुक्याच्या गावी बहुतेक ठिकाणी सार्वजनिक वाचनालय असतं, वर्गणी एका पिझ्झाच्या आत असते. नसेलच तर साताऱ्याकडं या. पाचगणीजवळ भिलार हे पुस्तकांचं गाव आहे, 2017 पासून. लोकांच्या घरातल्या खोल्यांत पुस्तकं मांडलेली आहेत, आत जाऊन बसायचं आणि वाचायचं, पैसे नाहीत. मी अम्मी-अब्बांना घेऊन गेलो होतो. अब्बा तासाभरात बाहेर येऊन घरमालकाच्या मोटरसायकलचा आवाज कुठून येतो ते बघत बसले. अम्मीला संध्याकाळी अक्षरशः उठवून आणावं लागलं.

तर, खरं उत्तर. मी 'खौफनाक इमारत'च्या एक्केचाळिसाव्या पानावर आहे. इंग्रजीत वाचून झालेली आहे, खुनी कोण ते मला माहीत आहे, तरी पान उलटायची घाई होते, आणि उलटता येत नाही. मूळ पुस्तकाच्या मी दोन प्रती मागवल्या होत्या, एक इथं आणि एक अम्मीकडं, म्हणजे कॉलवर दोघांच्या हातात तेच पान राहील. परवा वाचताना मी एका शब्दावर अडलो आणि तिची "हं?" आलीच नाही. बघतो तर ती भलत्याच पानात होती. मी म्हणालो, अम्मी, कितव्या पानावर आहेस? म्हणाली, "मेरी कब की हो गयी. ये दूसरी बार है." मग चष्मा वर सरकवून म्हणाली, या वेळी येताना दुसरी कुठली तरी आण, फरीदी-हमीदची, अब्बांना ती जास्त आवडायची. आणि अक्षर जरा मोठं बघ.

येत्या शनिवारी गावी जातोय. पुस्तक घेतलंय. भिंगही घेतलंय, ते आत्ता या पिशवीतच आहे.